भोंग्यापासून रिसीव्हरपर्यंत : इंदूरच्या एका मराठी घरातला आवाज



दसऱ्याच्या आधी घराला रंग काढला. माळा रिकामा करताना एक मोठं पुठ्ठ्याचं खोकं खाली आलं. आत थर्माकोल, एक जाडजूड इंग्रजी पुस्तिका आणि माझ्याच अक्षरातला एक कागद. कागदावर आमच्या दिवाणखान्याचा नकाशा, पाच चौकोन आणि प्रत्येक चौकोनापुढे फुटांचे आकडे. रंगारी विचारत होता, "बाबूजी, ये फेंकना है क्या?" म्हटलं, थांब जरा. त्या कागदाची हकीकत इथे लिहावी असं तेव्हाच वाटलं. लेखण लांब आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

आमचे पणजोबा होळकर सरकारात नोकरीला आले. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि मग कारकून, भिक्षुक, वैद्य, मास्तर अशी मराठी घरं एकामागून एक इथं वसली. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरची सुरुवात अशीच कुठेतरी असणार. माझे वडील, ज्यांना सगळे नाना म्हणत, खजिन्यात होते. आधी होळकर सरकार, १९४८ पासून मध्य भारत, १९५६ पासून मध्य प्रदेश. नाना म्हणायचे, खुर्ची तीच, दौत तीच, वरचा शिक्का तेवढा दोनदा बदलला. भोपाळ राजधानी झाल्यावर तिकडे बदली होईल या धास्तीत त्यांची दोन वर्षं गेली. ती झाली नाही.

नानांना गाण्याचं वेड. लहानपणी त्यांनी नाटक कंपन्यांचे मुक्काम पाहिलेले. तेव्हा कंपनी गावात आली की महिना महिना राहायची. लता मंगेशकरांचा जन्म १९२९ साली इंदूरचा, हे आपण सगळे अभिमानाने सांगतो. दीनानाथांची बलवंत संगीत मंडळी तेव्हा जोरात होती. नाना तेव्हा सतरा वर्षांचे. पिटातल्या तिकिटाचे पैसे कसे जमवले याच्या त्यांच्या गोष्टी दर वेळी थोड्या बदलायच्या, म्हणून त्या इथे देत नाही.

कंपनी उठून गेली की गाणं जायचं. मागे उरायचा फोनोग्राफ, म्हणजे ग्रामोफोन. आमच्या वाड्यात तो एकच होता, मालकांकडे, पितळी भोंग्याचा. चावी भरायची, सुई बदलायची आणि तीन-सव्वातीन मिनिटांत गाणं संपायचं. आजच्या पोरांना हे खरं वाटत नाही, पण मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची लाखेच्या तबकडीवर त्यापेक्षा जास्त मावतच नव्हतं. रंगमंचावर पाऊण पाऊण तास चालणारं पद तबकडीसाठी तीन मिनिटांत आवरायचं. नानांचं मत असं की त्यामुळे लोकांना गाण्यातला नेमका अर्क कळला. मालकांचं मत असं की त्यामुळे गाण्याचा सत्यानाश झाला. हा वाद मी लहानपणी इतक्या वेळा ऐकला की दोन्ही बाजू मला आजही पाठ आहेत.

आमच्या घरात पहिलं यंत्र आलं ते १९५८ साली, मर्फीचा रेडिओ. वर क्रोशाचं झाकण. पोस्टात जाऊन त्याचं लायसन्स दर वर्षी भरावं लागे आणि ते पुस्तक आई रेशनकार्डाबरोबर ठेवायची. इंदूरचं आकाशवाणी केंद्र १९५५ साली मालवा हाऊसमध्ये सुरू झालं होतं. पण मराठी ऐकायला कान मुंबईकडे. मिडियम वेव्हवर मुंबई दिवसा लागायची नाही, रात्री लागायची आणि तीही लाटेसारखी, आता आली आता गेली. रात्री या लहरी आकाशातल्या थरावरून परतून लांबवर पोचतात, हे कारण मला फार पुढे समजलं. तेव्हा आम्ही समजत होतो की रात्री मुंबईवाले जोर लावतात. गीतरामायण पुण्याहून १९५५-५६ मध्ये सकाळी लागायचं, त्यामुळे ते आमच्या नशिबी नव्हतं. पुण्याच्या नातेवाइकांच्या पत्रांतून त्याचं वर्णन तेवढं यायचं. पत्रातून गाणं वाचणारे आम्ही लोक! पुढे ते रेकॉर्डवर आलं तेव्हा वाड्यात ज्यांच्याकडे एलपी होती त्यांच्या ओसरीवर बसायला जागा मिळायची नाही. आणि बुधवारी रात्री सिलोनवर बिनाका गीतमाला. नाना त्या वेळी मुद्दाम फिरायला जात.

१९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी बी.कॉम. होऊन बँकेत लागलो. पहिल्या बोनसमधून एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्डप्लेयर घेतला. झाकण हाच त्याचा स्पीकर. १९७६ मध्ये ट्रेनिंगसाठी मुंबईला गेलो असताना मिनर्व्हाला शोले पाहिला. ७० एमएम आणि सहा ट्रॅकचा आवाज. नाणं उडवल्यावर ते कुठेतरी आपल्याच बाजूला पडल्यासारखं वाटलं आणि मी चक्क खाली बघितलं. शेजारचा माणूसही बघत होता. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आता मूळ गोष्ट.

१९७७ मध्ये मी फिलिप्सचा टू-इन-वन घेतला, रेडिओ आणि कॅसेट एकत्र. दुसऱ्या वर्षी गणपतीत अक्का, म्हणजे माझी मोठी बहीण, वडोदऱ्याहून माहेरपणाला आली होती. विसर्जनाच्या आदल्या रात्री जेवणं झाल्यावर नानांनी पेटी काढली. वय ६६, दमा सुरू झालेला, पण त्या दिवशी आवाज लागला होता. अक्का म्हणाली, अरे, टेप कर ना. मी साठ मिनिटांची कॅसेट घातली, यंत्र पाटावर ठेवलं आणि नाना दोन्ही बाजू भरेपर्यंत गायले. नाट्यपदं, एक-दोन अभंग, मध्ये खोकला, मध्ये आईचं बोलणं. अक्काला नेता येईना, कारण तिच्याकडे कॅसेट वाजवायला काही नव्हतं. "तुझ्याकडेच असू दे, मी पुढे नेईन," म्हणाली.

१९८१ मध्ये नाना गेले.

२५ जून १९८३. लॉर्ड्‌सवर विश्वचषकाची फायनल. आपण १८३ मध्ये आटोपलेलो. मी ट्रान्झिस्टरसारखा टू-इन-वन कानाला लावून गच्चीवर, शॉर्टवेव्हवर कॉमेंटरी येतेय, जातेय. दुजाँ आणि मार्शलची जोडी फुटली, ११९ ला ७, आणि माझ्या डोक्यात आलं की हे टेप केलं पाहिजे, असं पुन्हा होणार नाही. अंधारात खाली जाऊन खणातून जी हाताला आली ती कॅसेट आणली. एक बाजू संपली, उलटली, दुसरी चालू केली. होल्डिंग बाद झाला, १४० वर सगळे गारद, ४३ धावांनी आपण जिंकलो, वाड्यात फटाके, मी बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅसेटवरचं माझंच अक्षर वाचलं.

कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकच्या दोन बारीक टॅब असतात. त्या तोडल्या की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही, बटण खाली जातच नाही. दोन सेकंदांचं काम. मी बँकेत दिवसभर लोकांना सांगत होतो, पावती जपून ठेवा, सही तपासून घ्या. आणि घरात पाच वर्षं त्या टॅब मी तोडल्या नव्हत्या. दुसऱ्या बाजूची शेवटची आठ मिनिटं तेवढी वाचली होती, कारण सामना तिथे संपला होता.

पुढच्या वर्षी अक्काने कॅसेट मागितली. मी सांगितलं, अगं, यंत्रात अडकून टेप गुंडाळली गेली, तुटली. ती काही बोलली नाही. हे खोटं मी सव्वीस वर्षं चालवलं. सौ.ला माहीत होतं. ती एकदाच म्हणाली, "अहो, सांगून टाका एकदा." नंतर तिनेही विषय काढला नाही.

मधला काळ भराभर सांगतो. ८७-८८ मध्ये रविवारी सकाळी रामायण लागायचं आणि आमच्या शाखेत टीव्हीच्या कर्जाच्या अर्जांचा ढीग. कॅसेटी रस्त्यावर ढिगाने मिळू लागल्या. मग सीडी आली, बारा सेंटिमीटरची चकती, सुई नाही, घासणं नाही. आमच्याकडे ती उशिरा आली. २००४ मध्ये मी ती आठ मिनिटं, कॉमेंटरीसकट सगळीच कॅसेट, एका दुकानात देऊन सीडीवर उतरवून घेतली. दुकानदाराने वर छान कागदी स्टिकर चिकटवून दिलं. आमचा तेव्हाचा डीव्हीडी प्लेयर ती सीडी घेईना. विकतची सीडी चालायची, घरी लिहिलेली नाही. कारण असं की डीव्हीडी वाचणारा किरण वेगळा, सीडीचा वेगळा, आणि लिहिण्याच्या सीडीवरचा रंगीत थर डीव्हीडीच्या किरणाला दिसतच नाही. सुरुवातीच्या काही प्लेयरांत एकच किरण होता. मला वाटलं, बरंच झालं. चकती कपाटात ठेवली.

२०१० च्या सप्टेंबरअखेर मी निवृत्त झालो. दिवाळीला धाकटा न्यू जर्सीहून आला आणि सामानातून एक रिसीव्हर घेऊन आला. तेवीस किलोच्या बॅगेत दहा किलोचं हेच धूड, त्यामुळे आईसाठी आणायच्या निम्म्या वस्तू तिकडेच राहिल्या, हे सौ.ने दोनदा बोलून दाखवलं. अडीचशे डॉलर, तेव्हाच्या भावाने अकरा हजार. रिसीव्हर म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सगळ्या यंत्रांचा आवाज त्यात येतो, तो उलगडून, वाढवून प्रत्येक स्पीकरला त्याचा त्याचा वाटा देतो. म्हणजे बँकेच्या भाषेत क्लिअरिंग हाऊस.

प्लेयर, पाच स्पीकर आणि सबवूफर आम्ही इथेच जेल रोडवर घेतले. तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने एक प्रश्न विचारला म्हणून आमचा रिसीव्हर वाचला. "अमेरिका का माल है? पीछे वोल्ट पढ़ा?" मागे लिहिलं होतं १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ. आपल्याकडे २३०. "भाईसाब, सीधा लगा देते तो आवाज़ बाद में आती, धुआँ पहले." मग स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आला, पाच किलोचा लोखंडी डबा, यंत्राला लागेल त्याच्या दुपटीचा घ्या म्हणाला, म्हणून तसा घेतला. तो आजही सोफ्यामागे गुणगुणत असतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्‌झ बदलत नाही, म्हणून रिसीव्हर थोडा जास्त तापतो. त्याच्यावर काही ठेवायचं नाही अशी सक्त ताकीद होती. तरी चौथ्या दिवशी त्याच्यावर सौ.ने करंज्यांचा डबा ठेवलेला सापडला.

जोडणी मी स्वतः करणार असं जाहीर केलं होतं. मुलगा म्हणाला, "बाबा, मी अर्ध्या तासात करून देतो." मी म्हटलं, तू जाशील परत, नंतर काही झालं तर कोण बघेल? पुस्तिका वाचून करू दे. चार दिवस लागले.

आमचा टीव्ही जुना, फुगीर काचेचा, त्याला एचडीएमआय नव्हतं. म्हणून चित्र पिवळ्या पिनेने टीव्हीला आणि आवाज ऑप्टिकल केबलने रिसीव्हरला. ही केबल म्हणजे प्लास्टिकचा बारीक दोरा, त्यातून वीज नाही, लाल उजेड जातो. पहिला दिवस पूर्ण शांतता. सगळं तपासलं. शेवटी कळलं की केबलच्या टोकाला पारदर्शक टोपी असते, ती मी काढलीच नव्हती. टोपीसकट खोचली होती, आणि ती अर्धवट बसलीही होती.

दुसऱ्या दिवशी आवाज आला, पण पुढच्या दोनच स्पीकरमधून. मागचे दोन आणि मधला गप्प. रिसीव्हरच्या पट्टीवर अक्षरं "पीसीएम". मुलगा सोफ्यावरून बघत होता, बोलत नव्हता, याचं त्याला श्रेय दिलं पाहिजे. पुस्तिकेतलं चाळिसावं पान वाचल्यावर समजलं: प्लेयर स्वतःच सगळा आवाज उलगडून दोन वाटे करून पाठवत होता. प्लेयरच्या मेनूत जाऊन त्याला सांगायचं, बाबा रे, तू उलगडू नकोस, पुडकं आहे तसं पुढे दे. त्याला बिटस्ट्रीम म्हणतात. तो पर्याय निवडल्याबरोबर पट्टीवर डॉल्बी डिजिटल आलं आणि मागून पाऊस पडला. सिनेमातला. सौ. खिडकी लावायला उठली.

५.१ मधले पाच म्हणजे पाच स्पीकर, आणि ०.१ म्हणजे फक्त खर्जाचा वाटा, तो सबवूफरला. आमचे स्पीकर वीतभर उंचीचे. मेनूत "लार्ज की स्मॉल" असं विचारलं होतं. मी एवढे पैसे मोजले होते, लार्ज लिहिलं. मग खर्ज त्यांना पेलेना, घरघरायला लागले. स्मॉल करून १०० हर्ट्‌झच्या खालचं सगळं सबवूफरकडे वळवलं. खातेदाराची ऐपत बघून कर्ज द्यावं, हे मला एव्हाना माहीत असायला हवं होतं. मग काचेच्या कपाटातल्या वाट्या वाजू लागल्या, त्यांच्याखाली फडकी घातली.

तो नकाशाचा कागद तिसऱ्या दिवसाचा. प्रत्येक स्पीकर बसण्याच्या जागेपासून किती फुटांवर आहे ते रिसीव्हरला सांगावं लागतं. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे एक फूट जायला साधारण एक मिलिसेकंद. पुढचे स्पीकर दहा फुटांवर, मागचे चार फुटांवर, तर मागचा आवाज पाच-सहा मिलिसेकंद आधी पोचणार. रिसीव्हर तेवढा तो रोखून धरतो, म्हणजे सगळे एका वेळी हजर. महागाच्या यंत्रात माइक ठेवला की हे आपोआप मोजलं जातं. आमच्यात ती सोय नव्हती, सौ.च्या शिवणाच्या टेपने मोजलं. पण मोजायचं कुठून? माझ्या आरामखुर्चीपासून की तिच्या जागेपासून? तिला उजव्या कानाने कमी ऐकू येतं. टीव्हीवरचे संवाद तिला कळत नसत आणि ती ते कोणाला विचारत नसे, नुसती हसण्याच्या ठिकाणी हसायची. हे मला त्या आठवड्यात समजलं, कारण मधला स्पीकर दोन-तीन डेसिबल वाढवल्यावर ती एका जागी एकटीच हसली. सिनेमातलं बोलणं बहुतेक सगळं मधल्या स्पीकरमध्ये असतं, तेवढंच वाढवता येतं. नकाशावरचे आकडे तिच्या जागेपासूनचे आहेत.

शोलेची डीव्हीडी लावली. नाणं पडलं. कुठे पडलं ते नीट कळलं नाही. मिनर्व्हाची गोष्ट वेगळी. मुलाने तिकडून आणलेली एक डीव्हीडी तर लागलीच नाही, कारण ती एक नंबरच्या रीजनची आणि आपला रीजन पाच. गाणं नाही, सिनेमा नाही, चकतीलासुद्धा व्हिसा लागतो.

७ नोव्हेंबरला भाऊबीज. अक्का आली. ओवाळणं झालं, जेवणं झाली, मुलगा आत्याला कौतुकाने सगळं दाखवत होता. ती म्हणाली, "यात गाणं लागतं का रे? का नुसत्या मारामाऱ्या?" सौ.ने माझ्याकडे बघितलं. मी उठून कपाटातून ती चकती आणली.

सांगितलं. उभ्यानेच सांगितलं. टेप तुटली नव्हती, मी तिच्यावर क्रिकेट भरलं. अक्का बराच वेळ अडकित्त्याशी खेळत होती. मग म्हणाली, "लाव."

चकतीवरचं स्टिकर कडेला सुटलं होतं, ती आत जाऊन थडथडायला लागली. बाहेर काढून कड दाबून बसवली. नवा प्लेयर दोन किरणांचा, त्याने वाचली. मुलगा म्हणाला, "बाबा, सीडी आहे, ती सराऊंडवर नको, स्टिरिओवर लावा, जशी आहे तशी." लावली. आधी कॉमेंटरी, खरखर, टाळ्या. पुढे पुढे सरकवत नेली. खट्‌ असा आवाज झाला आणि ओळीच्या मधूनच नाना.

अक्का ऐकत होती. मिनिटभराने म्हणाली, "हा नानांचा आवाज नव्हे."

मी म्हटलं, अगं, जुनी टेप, उतरवताना गेला असेल. ती म्हणाली, "तसं नाही. चाल त्यांचीच आहे. पण हा पोकळ येतोय. भिंतीपलीकडून आल्यासारखा. नाना छातीतून गायचे. आणि पेटीचा खालचा भाग कुठाय?"

मला काही सुचेना. मुलगा उठला, डाव्या स्पीकरपाशी कान नेला, उजव्यापाशी नेला. दोन्हीकडे आवाज ठणठणीत. मध्ये येऊन उभा राहिला तर पोकळ. मग तो डाव्या स्पीकरच्या मागे गेला आणि हसायला लागला. "बाबा, लाल-काळी उलटी लावलीये."

स्पीकरला दोन तारा जातात, लाल आणि काळी. मी डाव्याला उलट जोडल्या होत्या. नानांचं रेकॉर्डिंग मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरना तंतोतंत एकच आवाज. आता एक पडदा बाहेर ढकलतोय त्याच क्षणी दुसरा आत ओढतोय. एकाने जमा टाकली आणि दुसऱ्याने तेवढीच नावे टाकली, की शिल्लक शून्य. बारीक सुरांत हे इतकं कळत नाही, कारण त्यांच्या लहरी इंच-दोन इंचांच्या आणि खोलीत इकडेतिकडे आपटून मिसळून जातात. खालच्या सुरांच्या लहरी आठ-दहा फुटांच्या, त्या समोरासमोर पुऱ्या कटतात. म्हणून नानांच्या आवाजातली छातीच तेवढी गेली होती. आणि चार दिवस सिनेमे बघून हे लक्षात कसं आलं नाही, तर बोलणं मधल्या स्पीकरमधून येत होतं, त्याची तार बरोबर होती. ताळेबंद जुळत होता, चूक आत होती. असं मी बँकेतही पाहिलंय.

तार सोडवली, टोकं पुन्हा पिळली, बदलून लावली. माझे हात थरथरत होते म्हणून शेवटचा आटा मुलाने फिरवला.

पुन्हा लावलं. नाना अगदी समोर, दोन स्पीकरच्या मधोमध, जिथे काहीच ठेवलेलं नव्हतं त्या रिकाम्या भिंतीपाशी. पेटीचा खर्ज, श्वास घेतलेला, दम्याची बारीक शीळ. सहाव्या मिनिटाला गाणं थांबतं आणि एक बाई विचारते, "नाना, पाणी देऊ?" चौतीस वर्षांची अक्का. आमच्या सहासष्ट वर्षांच्या अक्काने ते ऐकलं आणि पदर तोंडाशी नेला. नाना "नको" म्हणतात, आणखी दीड मिनिट गातात आणि टेप संपते.

कोणी काही बोललं नाही. ट्रान्सफॉर्मर तेवढा गुणगुणत होता.

मग अक्का म्हणाली, "आता पहिल्यापासून लाव. ते क्रिकेटपण."

अरे, ते कशाला?

"नाना कुठे सुरू होतात ते नीट कळू दे मला. आणि हा होल्डिंग कसा आऊट होतो ते तरी ऐकते, ज्याच्यापायी माझी कॅसेट गेली."

बावन्न मिनिटं तिने पूर्ण कॉमेंटरी ऐकली. तिला क्रिकेटमधलं काही कळत नाही. माफ केलं असं तिने कधी म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. जाताना चकतीच्या तीन प्रती मागितल्या आणि पुढच्या भाऊबीजेला साडीऐवजी असलाच रिसीव्हर हवा म्हणाली. साडीच दिली.

आता रिसीव्हरला पंधरा वर्षं झाली. मागच्या उजव्या बाजूचा आवाज मधूनमधून जातो, मागे थापटलं की येतो. फुगीर टीव्ही गेला, नवा भिंतीवर आहे, आणि एचडीएमआयची एक तार जोडली की सगळं आपोआप होतं, म्हणून त्यात काही मजा नाही. अक्का ८१ वर्षांची आहे, वडोदऱ्याला, ऐकू कमी येतं पण फोनवर ओरडून बोलते. नानांचा आवाज आता पेनड्राइव्हवर, मुलाकडे आणि तिच्या नातीच्या मोबाइलमध्ये, असा तीन ठिकाणी आहे.

मूळ कॅसेट माझ्याकडेच. आणि जेल रोडच्या त्याच मेकॅनिककडून घेतलेला एक जुना कॅसेट डेक चालू स्थितीत आहे. रबरी पट्टा नवा टाकलाय, हेड साफ केलंय. इंदूर, देवास, उज्जैन, महू इथल्या कोणा मराठी घरात गणपतीतल्या, मंगळागौरीच्या, भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेटी पडून असतील, तर खाली कळवा. मी उतरवून देईन, पैसे घेत नाही, वेळ भरपूर आहे. दुपारी दोन ते चार सोडून केव्हाही या. फक्त आणण्याआधी मागच्या दोन्ही टॅब तोडून आणा.